खेळणी मांडणीवरच आहेत : स्वमग्न मुलांसोबत घरातला खेळ

वस्तीत गृहभेटीला गेलो की स्वमग्न मुलाच्या घरी एक प्रश्न हमखास येतो. "सिस्टर, याच्यासाठी खेळणी कुठली आणायची? आणि कितीला पडतील?" कुणीतरी सांगितलेले असते की अशा मुलांची खेळणी वेगळी असतात आणि मोठ्या दुकानातच मिळतात. एका घरात तर भिशीचे पैसे उचलून लाकडी ठोकळ्यांचा संच आणला होता. ठोकळे फळीवर पडून होते आणि मूल खोक्याचे झाकण उघडझाप करत खेळत होते. आमच्या मते त्या मुलाचेच बरोबर होते.

लहान स्वमग्न मुलाला खेळण्याआधी खेळगडी लागतो. वस्तू कोणतीही चालते, फक्त ती मुलाच्या आणि तुमच्या मधे आली पाहिजे. त्या वस्तूच्या निमित्ताने मुलाने तुमच्याकडे बघावे, हात पुढे करावा, "दे" म्हणावे, यासाठी खेळ. हे काम वाटी करते आणि चप्पलही करते.

स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम, ही मेंदूची वाढ वेगळ्या रीतीने होण्याची अवस्था आहे. मूल वर्षाचे झाले तरी नावाने हाक मारल्यावर वळत नाही. दीड वर्षाचे झाले तरी हवी ती वस्तू बोटाने दाखवत नाही. आईचा हात धरून डब्यापर्यंत नेते, पण तिच्या तोंडाकडे बघत नाही. चपला ओळीने लावत बसते, फिरत्या पंख्याकडे एकटक बघते, कुकरची शिटी झाली की कान झाकते. यातली एखादी गोष्ट दिसली म्हणजे मूल स्वमग्न असे नाही. पण तीन-चार गोष्टी एकत्र दिसल्या, किंवा आलेले शब्द गळून गेले, तर "मुलगे उशिराच बोलतात" या वाक्यावर विसंबू नका. तपासणी करा, कानाचीही.

आणि दोष आईला देऊ नका. १९४३ साली अमेरिकेत डॉ. लिओ कॅनर यांनी अशा ११ मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यानंतर बरीच वर्षे तिकडचे शिकलेले लोकसुद्धा आई मायेने कोरडी म्हणून मूल असे झाले, असे म्हणत होते. ते साफ खोटे ठरले. आपल्याकडे त्या जागी बाहेरची बाधा येते, मागच्या जन्मीचे पाप येते. भिंतीवर बावीस प्रतिज्ञा आणि पोराच्या दंडाला ताईत, अशी घरे आम्ही पाहिली आहेत. त्या ताइताच्या नादात वर्ष-दोन वर्षे जातात, आणि लहान वयातली हीच वर्षे सगळ्यात मोलाची असतात.

आता खेळाकडे येऊ. पहिली गोष्ट बसण्याची. मूल जमिनीवर असेल तर तुम्हीही जमिनीवर, त्याच्या समोर, तुमचे तोंड त्याला सहज दिसेल असे बसा. दोन मिनिटे काही बोलू नका, फक्त बघा. ते काय करते आहे? समजा चपला ओळीत लावते आहे. आपला हात लगेच शिवशिवतो, ओळ मोडून "असं नाही, असं खेळ" म्हणायला. ओळ मोडायची नाही. उरलेल्या चपला आपल्या मांडीजवळ ओढून घ्या आणि एकेक त्याच्या हातात द्या. "घे." पुन्हा एक. "घे." चार-पाच झाल्या की पुढची हातात धरून थांबा. आपल्या तोंडाजवळ धरली तर आणखी चांगले. मूल चप्पल मागायला हात करेल, आवाज काढेल किंवा क्षणभर डोळ्याला डोळा देईल. त्याच क्षणी "दे" म्हणा आणि चप्पल देऊन टाका. ताणून धरू नका. मूल रडायला आले तर खेळ संपला.

सगळी किमया त्या थांबण्यात आहे. गोधडीचा झोका घ्या. दोन मोठ्या माणसांनी चार टोके घट्ट धरायची, मूल मधे, जमिनीपासून वीतभरच वर. "एक... दोन... तीन!" म्हणून झुलवा. आठ-दहा वेळा झाले की "एक... दोन..." म्हणून गप्प राहा. मनात दहापर्यंत मोजा. इतका वेळ गप्प राहणे आपल्याला जड जाते, पण या मुलांना उत्तर जुळवायला वेळ लागतो. मूल अंग हलवेल, तुमच्याकडे बघेल, कदाचित "तीन" म्हणेल. काहीही केले तरी ते उत्तर समजून झोका द्या. घरात एकच माणूस असेल तर ओढणी पुरते. ओढणीआड तोंड लपवून बुवा-कुक खेळा आणि तिथेही मधेच थांबा.

शब्द थोडेच वापरा, खेळताना जे घडते आहे तेवढेच. "बाळा, ती स्टीलची वाटी उचलून त्या मोठ्या वाटीत ठेव बरं" यातले काही हाती लागत नाही. "वाटी. आत." एवढे पुरते. चार वाट्या एकात एक घालायच्या, काढायच्या. एक तुझी पाळी, एक माझी. पाळी हा शब्द समजायला महिना लागला तरी चालेल.

चपात्या करताना लिंबाएवढा कणकेचा गोळा मुलाला द्या. काही मुलांना चिकट स्पर्श अजिबात सोसत नाही. अशा मुलाचा हात धरून कणकेत खुपसू नका. आधी परातीत कोरडे पीठ पसरा, त्यात तुमचे बोट फिरवा, ते बघू द्या. कपडे वाळत घालायचे चिमटे डब्याच्या काठाला लावणे-काढणे हा बोटांचा उत्तम व्यायाम आहे. पुढे पेन्सिल धरायला उपयोगी पडतो. शेंगा सोलायला बसाल तेव्हा एक शेंग तुम्ही, एक त्याने. हे कामही आहे आणि खेळही.

पाणी बहुतेक मुलांना आवडते, पण आपल्याकडे नळाला पाणी तासभरच येते. म्हणून परातीत तांब्याभर पाणी आणि दोन पेले, इतकेच घ्या. "भर", "ओत". तेच पाणी नंतर फरशीला वापरता येते. मात्र भरलेली बादली किंवा टिप यांच्याजवळ मूल क्षणभरही एकटे सोडू नका. वीतभर पाण्यातही लहान मूल बुडू शकते, आणि या मुलांना पाण्याची ओढ जास्त असते. तीच सावधगिरी कडधान्याबाबत. राजमा, वाटाणा, बटणे मूल तोंडात, नाकात, कानात घालते. वाजणारी बाटली करायची तर झाकण चिकटपट्टीने पक्के बंद करा. प्लास्टिकच्या पिशव्या खेळायला देऊ नका, आणि ज्या बाटलीत कधी रॉकेल किंवा फिनेल होते ती तर नाहीच.

आवाजाचे भान ठेवा. ताट बडवण्याचा खेळ एका मुलाला आवडतो, दुसऱ्याला तो मार बसल्यासारखा वाटतो. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत अशा मुलाला डीजेसमोर उभे करू नका. मागच्या गल्लीतून दाखवा. मूल हात फडफडवते म्हणून लोक हसतील, काहीजण "हात बांधा" म्हणतील. बांधू नका. आनंद झाला किंवा घाबरले की त्याचे अंग तसे बोलते.

दिवसातून दोनदा दहा-दहा मिनिटे पुरे. त्या वेळी टीव्ही आणि मोबाइल बंद. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला स्क्रीन नको आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाला तासाच्या वर नको, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले आहे. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या आईला हे सांगणे सोपे आणि पाळणे कठीण, हे आम्हाला कळते. म्हणूनच दहा मिनिटे म्हणतो. आणि ती दहा मिनिटे आईनेच द्यायची असे नाही. बापाने झोका दिला तर मूल झुलत नाही, असे कुठल्या पुस्तकात लिहिलेले आम्ही वाचलेले नाही.

हे सारे आमच्या मनचे नाही. गोव्यात आणि पाकिस्तानात रावळपिंडीला २ ते ९ वर्षांच्या ६५ स्वमग्न मुलांसोबत एक अभ्यास झाला. तो २०१६ मध्ये 'लॅन्सेट सायकिअॅट्री' या नियतकालिकात आला. तिथे तज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्यांनी आईबापांना मुलाच्या कलाने घ्यायला शिकवले. आईबाप तसे वागू लागले, आणि मुले आपणहून त्यांच्याशी संवाद सुरू करू लागली. मुले "बरी झाली" असा दावा त्यात नाही. असा दावा करून पैसे मागणाऱ्यापासून लांब राहा.

घरच्या खेळाने थेरपीची गरज संपत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत येते, तेव्हा मुलाला दाखवा. ते पुढे जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात. तिथे तपासणीला पैसे लागत नाहीत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत स्वमग्नता आहे, त्यामुळे दिव्यांग प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड मिळते. ते मिळाले की राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' आरोग्य विम्यासाठी अर्ज करता येतो. त्यात वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचा खर्च मिळतो.

केंद्रात जाताना दोन गोष्टी सोबत न्या. एक वही, ज्यात मूल पहिल्यांदा कधी वळले, काय मागितले, कशाने रडले ते तारखेसह लिहिलेले असेल. लिहिता येत नसेल तर शेजारच्या शाळकरी पोरीकडून लिहून घ्या. दुसरे म्हणजे घरी खेळतानाचा दोन मिनिटांचा व्हिडिओ. डॉक्टरांच्या खोलीत मूल बावरते आणि घरी जे करते त्यातले काहीच करून दाखवत नाही.