परिणामांचा हिशेब पुरा कर

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद,

ज्याने माणसांचं भलं होतं ते योग्य, बाकी सगळं सोवळंओवळं, हे तुझं मत मला मुळात पटतं. ज्या नियमाने कोणाचंच भलं होत नाही, तो केवळ जुना म्हणून डोक्यावर घेऊ नये. पण परिणाम पाहायचे तर सगळे पाहावेत. १८९७ चा पुण्यातला प्लेग घे. रोगी शोधून वेगळे ठेवणं वैद्यकाच्या दृष्टीने गैर नव्हतं. प्लेगचा बंदोबस्त पाहणाऱ्या रँडसाहेबाने त्यासाठी गोरे सोजीर घराघरांत घुसवले. देवघरापर्यंत बूट गेले, बायकांची तपासणी झाली, सामानसुमान जाळलं गेलं. सापडलेले रोगी हिशेबात धरले गेले, लोकांची दहशत धरली गेली नाही. त्या दहशतीपायी घरोघर आजारी माणसं लपवली जाऊ लागली, लोक गाव सोडून पळू लागले. म्हणजे ज्या कामासाठी जुलूम केला, त्याच कामात तो आडवा आला. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या, आणि पुढच्या काही महिन्यांत प्लेग पुण्यात परतला.

तू म्हणशील, ही तर बेरजेतली चूक, तत्त्वाची नव्हे. कबूल. पण ज्यांना सोसायचं आहे त्यांना न विचारता बेरीज मांडली की ती बहुधा अशीच चुकते. दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे: परिणाम आधी कळणार कसा? मुंबईत प्लेगची लस तयार करणाऱ्या हाफकिनने ती जानेवारी १८९७ मध्ये आधी स्वतःला टोचून घेतली. १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवालला एकाच बाटलीतली लस टोचलेली १९ माणसं धनुर्वाताने दगावली आणि ठपका त्याच्यावर आला. नुसता परिणाम पाहायचा तर तो अपराधीच ठरतो. पण बाटली उघडताना गावातच दोष शिरला असावा, हे पुढे दिसून आलं आणि १९०७ मध्ये तो निर्दोष ठरला. तेव्हा माणसाला दोष देताना, त्या वेळी त्याला काय कळू शकत होतं, हे पाहायला हवं. ही पळवाट नव्हे. रँडला ही सूट मिळत नाही, कारण लोकांच्या तक्रारी ‘केसरी’ आणि ‘मराठा’ या वर्तमानपत्रांत उघड छापून येत होत्या, त्याने फक्त ऐकायला हवं होतं.

आता तू सरकारी खात्यात रुजू होते आहेस. एखाद्या योजनेचा नफ्यातोट्याचा तक्ता तुझ्या टेबलावर येईल, तेव्हा तोटा ज्यांच्या नावावर मांडला आहे त्यांच्याशी कोणी बोललं आहे का, हे सही करण्याआधी विचार. नसेल तर फाइल परत पाठव आणि उशिराचा बोल आपल्यावर घे.

तुझा,
काका