प्राथमिक वर्गात गणिताचे कोपरे

प्राथमिक शिक्षण हा पुढील सर्व शिक्षणाचा पाया होय आणि या पायातील सर्वांत दुर्लक्षित दगड म्हणजे गणित. दहावीत गणिताला घाबरणाऱ्या विद्यार्थ्याची अडचण मागे शोधत गेल्यास ती पुष्कळदा दुसरी-तिसरीतील दशक-एककापाशी सापडते. तेथे राहिलेली उणीव पुढे शिकवण्या लावूनही सहजासहजी भरून निघत नाही. म्हणून या विषयाचा विचार पहिलीपासून करणे अगत्याचे आहे.

१ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, औंढा नागनाथ व वसमत या पाच तालुक्यांतील लहान वाड्या-तांड्यांवर दोन शिक्षकी शाळा आहेत. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार साठ विद्यार्थ्यांपर्यंत दोनच शिक्षक मिळतात. साहजिकच एका गुरुजींपुढे दोन-तीन इयत्ता एकत्र बसतात. त्यातच दिवाळीच्या सुमारास काही कुटुंबे ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जातात. त्यांची मुले उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात, तेव्हा वर्ग फार पुढे गेलेला असतो. अशा वर्गात फळ्यावर एकच उदाहरण सर्वांना देऊन भागत नाही. यावर एक व्यवहार्य उपाय म्हणजे गणिताचे कोपरे.

कोपरा म्हणजे काय?

वर्गात चार ठिकाणी सतरंजीचे तुकडे अंथरावेत. प्रत्येक ठिकाणी एका घटकाचे साहित्य व करावयाच्या कामाची कार्डे ठेवावीत. पाच-सहा मुलांचा गट एका कोपऱ्यात वीस मिनिटे काम करतो व मग पुढच्या कोपऱ्यात जातो. ही कल्पना आपल्याकडे अगदीच नवी नाही. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी येथे व पुढे कोसबाडला आदिवासी बालकांसाठी काम करताना खडे, बिया, पाने, शिंपले हेच शैक्षणिक साहित्य मानले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणशाळा चालविली. मूल जेथे आहे तेथून शिक्षण सुरू करावे, हा त्यातील बोध होय.

चार कोपरे

१) संख्या कोपरा : चिंचोके, ज्वारीच्या ताटांच्या काड्या, रबर व शंभर मण्यांची माळ. दहा काड्यांचा गठ्ठा म्हणजे दशक. ४२ मधून १७ वजा करताना मुलाजवळ चार गठ्ठे व दोन सुट्या काड्या असतात. दोनातून सात जात नाहीत, म्हणून तो एक गठ्ठा सोडतो. आता सुट्या बारा झाल्या. त्यातून सात गेल्या, पाच उरल्या. उरलेल्या तीन गठ्ठ्यांतून एक गेला, दोन राहिले. उत्तर २५. ‘शेजाऱ्याकडून उसना घेतला’ असे आपण म्हणतो, परंतु येथे कोणी कोणाकडून काही उसने घेतलेले नाही, फक्त गठ्ठा सोडला आहे. हे हाताने एकदा समजले की पाठांतराची गरज उरत नाही.

२) मापन कोपरा : तराजू, वजने, लिटरचे माप, शिंप्याची टेप. बाकाची लांबी आधी वितीने मोजावी. प्रत्येकाची वीत वेगळी, म्हणून उत्तरही वेगळे येते. सर्वांसाठी एकच माप का लागते, हे मुले स्वतःच सांगतात.

३) बाजार कोपरा : रिकाम्या पुड्या, किमतीच्या चिठ्ठ्या, कागदी नोटा. आपला भाग हळदीचा. हिंगोली-वसमतच्या बाजारपेठेमुळे पोती, वजन व भाव हे शब्द मुलांच्या कानावर रोज पडतात. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्दही त्यांना येतात, मात्र वहीत एक चतुर्थांश दिसला की तीच मुले अडतात. पावकिलो म्हणजे २५० ग्रॅम, सव्वा किलो म्हणजे १२५० ग्रॅम, हे तराजूवर पाहिले म्हणजे अपूर्णांक ओळखीचा होतो. पूर्वीच्या पावकी, निमकी, दिडकी या पाढ्यांचा जन्म अशाच व्यवहारातून झाला.

४) खेळ व आकार कोपरा : सापशिडी, दोन फासे, काड्यापेट्या, ठिपक्यांची रांगोळी, कागदाच्या घड्या.

संख्यांच्या नावांची अडचण

मराठीत ४७ ला आपण सत्तेचाळीस म्हणतो. कानावर सात आधी पडतात, लिहायचे मात्र चार आधी. त्यामुळे मूल ७४ लिहिते. एकोणपन्नास ऐकून ५९ लिहिणारी मुलेही आढळतात. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’ असे वाचन जोडून दिल्यावर राज्यभर वाद झाला. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांनी त्यामागे मुलांची हीच अडचण असल्याचे सांगितले होते. वाद बाजूला ठेवून कोपऱ्यात दोन्ही करावे : चार गठ्ठे, सात सुट्या, ‘चाळीस आणि सात, सत्तेचाळीस’.

घ्यावयाची काळजी

गुरुजींनी एका कोपऱ्यात बसून तेथील मुलांना शिकवावे, इतर गट कार्डांवर चालतील. प्रत्येक मुलाला काय जमले याची वहीत एका ओळीची नोंद ठेवावी. गावाहून परतलेले मूल त्या नोंदीवरून आपल्या जागेपासून सुरुवात करू शकते, त्याला ‘मागे पडलेला’ ठरविण्याचे कारण उरत नाही. गट करताना हुशार व कच्चे, अमुक वस्तीचे व तमुक वस्तीचे असे वेगळे करू नयेत. एका सतरंजीवर सर्वांनी बसणे हाही एक धडाच आहे. साहित्य कपाटात कुलूपबंद ठेवू नये. चिंचोके हरवले तर पुन्हा मिळतात, शिकण्याची वेळ मात्र परत येत नाही.

आपले कर्तव्य

५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाने तिसरीपर्यंत प्रत्येक मुलास वाचन व मूलभूत गणित यावे, हे उद्दिष्ट ठेवले. ते केवळ शाळेच्या भरवशावर साध्य होणारे नाही. सभासद बंधू-भगिनींनी घरातील जुना तराजू, रिकामे डबे, काड्यापेट्या शाळेस द्याव्यात. समाजमंदिरातील सायंकाळच्या अभ्यासिकेत एक कोपरा गणितासाठी राखावा. आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांनी आठवड्यातून एक तास तेथे लहानांसोबत बसावे. दुसऱ्याला गठ्ठा सोडून दाखविताना आपलेही गणित पक्के होते, हा अनुभव त्यांना अवश्य येईल.

फार पैसा नको, मोठी इमारत नको. एक सतरंजी, शंभर काड्या आणि रोजचा अर्धा तास एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. या वर्षी आपल्या गावात असा निदान एक कोपरा उभा राहावा, हीच अपेक्षा.