टूल निवडतेयस ना? मग ऐक

अगं, टीम लीड झाल्यावर पहिलंच काम फीडबॅक आणि बग रिपोर्टिंगचं टूल निवडायचं आलं, हे ऐकून मला फार बरं वाटलं. पण तू पाठवलेला तुलनेचा तक्ता पाहिला आणि म्हटलं, हिच्याशी निवांत बोलायलाच हवं. मार्कर डॉट आयओ, बगहर्ड, यूजरस्नॅप, सगळ्यांपुढे बरोबरच्या खुणा. अशा तक्त्यात सगळीच टूल्स सारखी दिसतात, कारण रकाने कंपन्यांच्या जाहिरातींतूनच उचललेले असतात.

तो तक्ता बाजूला ठेव. गेल्या काही रिलीजमधले तुमचे खरे बग काढ, खास करून डेव्हलपरने ‘रिप्रोड्यूस होत नाही’ म्हणून परत पाठवलेले. तेच ट्रायलमध्ये नव्याने टाक आणि ज्याने ते कधी पाहिले नाहीत अशा डेव्हलपरच्या हाती दे. तुला एकही प्रश्न न विचारता त्याला बग दिसला, तर ते टूल कामाचं. ब्राउझर नि त्याची आवृत्ती, स्क्रीनचा आकार, पानाचा पत्ता, कन्सोलमधल्या एरर, फसलेल्या नेटवर्क रिक्वेस्ट हे सारं टूलने आपणहून जोडायला हवं. काय केलं, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं, एवढंच माणसाने लिहावं. यूएटीला, म्हणजे स्वीकारण्याआधीच्या चाचणीला, बसलेल्या क्लायंटला त्यासाठी नवं खातं उघडावं लागलं, तर तो सरळ व्हॉट्सॲपवर फोटो पाठवेल. मग टूल घेऊन उपयोग काय?

स्क्रीनशॉटकडे नीट बघ बाई. काही टूल्स पडद्याचं खरं चित्र घेत नाहीत. पानाचा एचटीएमएल वाचून ते चित्र पुन्हा रचतात. एचटीएमएलटूकॅनव्हास ही लायब्ररी असंच करते, आणि चित्र हुबेहूब नसेल असं तिच्याच डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलंय. म्हणजे क्लायंटला बटण तुटलेलं दिसतंय आणि रिपोर्टमध्ये ते धडधाकट! हे चित्र सर्व्हरवर रचलं जात असेल आणि तिथे देवनागरी फॉन्ट नसेल, तर मराठी मजकुराच्या जागी नुसत्या चौकटी येतात. तुमच्या साइटवर मराठी पानं आहेत, तेव्हा जोडाक्षरांनी भरलेलं एक पान ट्रायलमध्ये घेच.

आता जे खरं तळमळीने सांगायचंय ते. ओक्टा या लॉगिन-सुरक्षेच्या कंपनीची सपोर्ट यंत्रणा फोडली गेल्याचं ऑक्टोबर २०२३ मध्ये उघड झालं. अडचण शोधता यावी म्हणून ग्राहकांनी तिथे एचएआर फाइल्स, म्हणजे ब्राउझरच्या नेटवर्कची नोंद, दिल्या होत्या. त्यांतल्या काहींत सेशन टोकन, म्हणजे चालू लॉगिनच्या किल्ल्या, होते. १३४ ग्राहकांच्या फाइल्सपर्यंत हल्लेखोर पोचले आणि त्या टोकनच्या जोरावर पाच ग्राहकांच्या चालू सेशनमध्ये शिरले. आपल्या टूलने गोळा केलेली कन्सोलची नि नेटवर्कची नोंद याच जातीची असते. म्हणून विक्रेत्याला थेट विचार: पासवर्ड, ओटीपी, आधार क्रमांक, कुकी ब्राउझरमध्येच झाकता का, की तुमच्या सर्व्हरवर पोचल्यावर? पहिलंच उत्तर हवं. आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेतल्या हयगयीला २५० कोटींपर्यंत दंड आहे, हे तुझ्या मॅनेजरच्या कानावर घाल. आणि टेस्टिंगला खऱ्या ग्राहकांचा डेटा वापरूच नका.

तुमचे डेव्हलपर बग ज्यात सांभाळतात त्या जिराशी टूलची जोडणी दुतर्फा हवी. तिकडे बग बंद झाला की इकडे क्लायंटला कळायला हवं, नाहीतर दोन याद्या जुळवण्यात तुझ्या टीममधल्या मुलींची संध्याकाळ जाईल. दर माणशी पैसे आकारणारं टूल लहान टीमला परवडतं, पण पाहुणे रिपोर्टरही त्यात मोजले जात असतील, तर ते वाढले की बिल फुगतं.

कोणी म्हणेल, फुकटचं बगझिला किंवा मँटिस का नको? दोन्ही चांगली, आपल्याच सर्व्हरवर चालतात, आणि बगझिला तर १९९८ पासून आहे. पण ती बग सांभाळायची ठिकाणं. क्लायंटकडून बग नीट टिपून घेणं हे वेगळं काम. तुमचं दुखणं कुठलं आहे, ते आधी टीमला विचार.

करारावर सही होण्याआधी सगळा डेटा बाहेर काढता येतो का, ते स्वतः काढून बघ. आणि निर्णयाच्या बैठकीत ट्रायलमधले बग पाहिलेल्या डेव्हलपरला बसवून आधी त्याला बोलू दे.