जमिनीतली ऊब, पाइपातला क्षार

जिओथर्मल म्हटलं की आपल्याला आइसलँड आठवतं. पण महाडजवळ सावित्रीच्या काठी सव गावात गरम पाण्याचे झरे आहेत, आणि पालीजवळचं उन्हेरेही आपल्याच जिल्ह्यातलं.

घर थंड ठेवायला मात्र झरा लागत नाही. पाच-दहा मीटर खाली जमिनीचं तापमान वर्षभर जवळजवळ सारखं, त्या भागाच्या वार्षिक सरासरीएवढं असतं. आपल्याकडे ते साधारण 27 अंश धरू. मे महिन्यात बाहेर 40 अंश असताना साधा एसी त्या तापल्या हवेतच उष्णता फेकतो, हा पंप ती जमिनीत सोडतो. म्हणून कॉम्प्रेसरला कष्ट कमी. चक्र उलटं फिरवून घर गरमही करता येतं, पण कोकणात ती हौस कोणाला!

याचे दोन प्रकार. बंद प्रकारात पुरलेल्या प्लॅस्टिकच्या नळीतून तेच पाणी फिरत राहतं. थंड देशांत त्यात अँटिफ्रीझ घालतात, पोलादपूरला त्याची गरज नाही. उघड्या प्रकारात विहिरीचं किंवा बोअरचं पाणी हीट एक्स्चेंजरमधून जातं, आणि खरी साफसफाई इथेच लागते.

आधी दुखणं ओळखायचं. मिनिटाला 20 लिटर पाणी 5 अंशांनी तापून बाहेर पडत असेल, तर ते जवळजवळ 7 किलोवॅट उष्णता नेतं (थर्मोच्या पेपरातलंच गणित आहे). आता आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या पाण्यातला फरक वाढला, तर पाणी कमी वाहतंय. गाळणी चोंदली असेल, ती काढून धुवा. प्रवाह ठीक असून फरकच कमी झाला, तर प्लेटांवर थर बसल्याचा संशय घ्यावा. हॉस्टेलच्या गीझरच्या कॉइलवर बसतो तोच पांढरा थर. (मी कॉन्व्हेंटची, ‘क्षार’ हा शब्द मला मामाने शिकवला.) तो सायट्रिक अॅसिडच्या सौम्य द्रावणाने विरघळतो, पंप बंद करून, एक्स्चेंजर लाइनपासून तोडून द्रावण फिरवायचं आणि नंतर भरपूर साध्या पाण्याने धुवायचं. बाथरूम धुवायचं अॅसिड वापरू नका. त्यातलं क्लोराइड स्टेनलेस स्टीलला भोकं पाडतं. याच कारणाने कोकणातल्या झऱ्यांचं खारट पाणी थेट मशीनमध्ये घ्यायचा मोह टाळावा. तिथे टायटॅनियम लागेल, आणि त्याचा खर्च विचारू नका.

घरातलं काम सोपं आहे. हवेचा फिल्टर महिन्याला धुवून सावलीत वाळवा. पावसाळ्यात ड्रेनच्या नळीत शेवाळ धरतं आणि पाणी भिंतीत मुरतं, ती नळी मोकळी ठेवा. गॅसच्या बाजूला मेकॅनिकशिवाय कोणी हात लावू नये.

विहिरीचा गाळ काढणं हे मात्र घरच्या माणसाचं काम नाही. बंद, खोल विहिरीत प्राणवायू कमी असू शकतो, जड वायू साठलेले असू शकतात. कंदील विझला तर उतरायचं नाही हे जुनी माणसं सांगतात, ते बरोबरच. पण तो विझला नाही म्हणजे हवा चांगली, असं मुळीच नाही. विषारी वायू त्याला कळत नाही. एक बेशुद्ध पडला म्हणून दुसरा धावतो आणि दोघेही जातात. हवा मोजणारं मीटर, दोर आणि वर दोन माणसं नसतील तर मोटर वर ओढून काम करा.

शेवटी पूर. 22 जुलै 2021 ला महाडात घराघरांत पाणी आणि चिखल शिरला. पुरलेल्या बंद नळीचं त्यात सहसा काही बिघडत नाही, बिघडतो तो जमिनीलगतचा पंप. पाणी ओसरल्यावर लगेच स्विच टाकायचा नाही. आधी मेन बंद, मग चिखल धुवायचा, वाळवायचं, आणि इलेक्ट्रिशियनकडून मेगरने इन्सुलेशन तपासून घ्यायचं. नवीन बसवत असाल तर मामाच्या भिंतीवर आहे तशी पुराची खूण शोधा आणि मशीन तिच्यापेक्षा हातभर वर लावा.