तहानेपूर्वी पाणी : वृद्धाश्रमांतील एक आवश्यक दक्षता

इ. स. २००३ च्या ऑगस्टमध्ये फ्रान्समध्ये उष्णतेची तीव्र लाट आली. महिन्याच्या पहिल्या वीस दिवसांत तेथे नेहमीपेक्षा सुमारे १५,००० मृत्यू अधिक झाले. मृतांत ७५ वर्षांवरील वृद्ध बहुसंख्य होते. वृद्धाश्रमांतील रहिवाशांचाही त्यांत समावेश होता. त्यानंतर तेथील वृद्धाश्रमांना उन्हाळ्याची पूर्वयोजना आखणे व एक थंड दालन राखणे सक्तीचे करण्यात आले. विदर्भ, मराठवाडा व खानदेशात उन्हाळ्यात पारा ४० अंशांपलीकडे जातो. तेथील वृद्धाश्रमांनीही हा धडा ध्यानात घ्यावयास हवा.

तहान का लागत नाही?

वाढत्या वयाबरोबर शरीरातील पाण्याचा अंश घटतो, पाणी राखून ठेवण्याची मूत्रपिंडांची शक्ती क्षीण होते आणि तहानेची जाणीवही मंदावते. रात्री लघवीस उठावे लागेल या भीतीने काही वृद्ध पाणी मुद्दामच कमी पितात. कोणाला थरथरत्या हाताने पेला उचलता येत नाही, तर कोणाला गिळताना ठसका लागतो. म्हणून ‘मागेल त्याला पाणी’ ही पद्धत वृद्धाश्रमात अपुरी ठरते. पाणी ठरलेल्या वेळी हाती दिले गेले पाहिजे.

ओळखावे कसे?

त्वचेला चिमटा घेऊन पाहण्याची परिचित खूण येथे फसवी ठरते, कारण वृद्धांची त्वचा मुळातच सैल असते. कोरडे तोंड औषधांमुळेही असू शकते. निश्चित निदान रक्ततपासणीनेच होते. तथापि एकाएकी वाढलेली गुंगी, असंबद्ध बोलणे किंवा तोल जाणे यांकडे ‘वयोमान’ म्हणून दुर्लक्ष न करता डॉक्टरांना त्वरित बोलवावे.

ताटात वाढलेले आणि पोटात गेलेले

कुपोषणाची कथाही अशीच आहे. दात नसणे, चव व वास मंदावणे, अनेक औषधे आणि एकाकीपणा यांमुळे अन्न नकोसे होते. ताट वाढले जाते आणि तसेच परत जाते; नोंदवहीत मात्र ‘जेवण दिले’ एवढेच उरते. वजनकाटा हा येथे खरा साक्षीदार होय. एका महिन्यात ५ टक्के किंवा सहा महिन्यांत १० टक्के वजन घटणे ही धोक्याची सूचना आहे. ५० किलो वजनाच्या आजींचे वजन महिन्यात अडीच किलोंनी उतरले, तर त्याची कारणे शोधलीच पाहिजेत.

करावयाचे उपाय

स्त्रियांना दिवसाकाठी सुमारे १.६ लिटर व पुरुषांना २ लिटर पेये मिळावीत, असे युरोपातील आहारतज्ज्ञांचे मार्गदर्शन आहे. आपल्याकडील उन्हाळ्यात गरज याहून वाढते. पाण्याबरोबर ताक, पेज, नाचणीचे आंबील व वरणाचे पाणी द्यावे. मऊ खिचडी, दुधात कुस्करलेली भाकरी व शेंगदाण्याचे कूट यांनी आहाराचा कस वाढतो. ठसका लागणाऱ्यांना ताठ बसवून सावकाश भरवावे. हृदय व मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी पाण्याचे व मिठाचे, तर मधुमेहींसाठी आहाराचे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे.

प्रत्येकाने किती प्यायले व किती खाल्ले याची रोजची नोंद आणि दरमहा वजन, एवढ्यासाठी एक वही व एक काटा पुरेसा आहे. त्यांहून अधिक लागते ते पेला ओठांपर्यंत नेणाऱ्या व्यक्तीचे लक्ष. ज्यांनी आयुष्यभर इतरांना वाढले, त्यांना मागण्याची वेळ येऊ न देणे हे संस्थेचे आद्य कर्तव्य होय.