बैलाचा बिल्ला मोबाइलवर दिसेल का?

प्रश्न : माझ्या देवणी बैलाच्या कानात पिवळा बिल्ला आहे. माळेगावच्या यात्रेत बैल चुकला, तर त्यावरून मोबाइलवर सापडेल का?
– एक पशुपालक, ता. उदगीर, जि. लातूर

उत्तर : नाही. त्या बिल्ल्यावर १२ अंकी क्रमांक आणि बारकोड असतो. तो संदेश पाठवत नाही. बैल कोणाला सापडला, तर पशुवैद्यकीय दवाखान्यात त्या क्रमांकावरून मालकाची नोंद निघते. चिपवाल्या आरएफआयडी बिल्ल्यातही बॅटरी नसते. रीडर हातभर अंतरावर नेला, की त्याच्या लहरींवर चिप जागी होते आणि क्रमांक सांगते. ब्लूटूथ टॅग मोकळ्या रानातही थोड्याच अंतरावरून कळतो. यात्रेच्या गर्दीत त्याहून कमी, कारण माणसा-जनावरांच्या अंगातले पाणी लहरी शोषते. दूरचा माग हवा, तर जीपीएस आणि सिमकार्डवाला गळपट्टा घ्या. त्याला चार्जिंग आणि रेंज लागते. निघण्याआधी बिल्ल्याच्या नोंदीतला तुमचा मोबाइल नंबर चालू आहे ना, तेवढे बघा.