दत्तक घेताना संस्था कशी पारखावी?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. बँकेत माझ्या काउंटरवर आपल्या परिचयातील एक गृहस्थ मुदत ठेव मोडायला आले. मुदत संपायला थोडेच महिने बाकी होते. व्याजाचे नुकसान होईल असे मी सांगितले, तेव्हा ते हळू आवाजात म्हणाले, "भाऊ, बाळ मिळतंय. उद्याच पैसे द्यायचेत." लग्नाला बारा वर्षे होऊनही मूल नव्हते. एका प्रसूतिगृहातील मध्यस्थाने त्यांना सांगितले होते की, जन्मदाखल्यावर थेट तुमचेच नाव लागेल, कोणाला कळणारही नाही. मी एवढेच विचारले, "पावती कोण देणार?" त्यांच्याकडे उत्तर नव्हते. त्या दिवशी ठेव मोडली नाही. त्यानिमित्ताने जो अभ्यास घडला, तो समाजबांधवांना व विद्यार्थ्यांना उपयोगी पडावा म्हणून येथे मांडतो.

कायदा काय सांगतो?

आपल्यासमोर दोन रस्ते आहेत. पहिला, १९५६ चा हिंदू दत्तक व निर्वाह कायदा. तो बौद्धांनाही लागू आहे. पूर्वी आपल्या भागात दत्तक म्हणजे मुलगा, तोही वारसासाठी व पिंडदानासाठी. या कायद्याने मुलीलाही दत्तक घेता येऊ लागले. पूज्य बाबासाहेबांनी ज्या हिंदू कोड बिलासाठी १९५१ साली मंत्रिपद सोडले, त्याच्याच एका भागातून हा कायदा झाला. तो २१ डिसेंबर १९५६ चा, म्हणजे महापरिनिर्वाणानंतर अवघ्या १५ दिवसांनी आलेला. भावाचे, बहिणीचे मूल घेतात ते बहुधा याच कायद्याने. मात्र त्यात आई-वडिलांनी मूल स्वतः द्यावे लागते आणि पैशाचा व्यवहार हा गुन्हा आहे.

दुसरा रस्ता २०१५ च्या बाल न्याय कायद्याचा. अनाथ, सोडून दिलेली किंवा आईने स्वाधीन केलेली मुले या मार्गाने घरी येतात. त्यावर केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाची, म्हणजे 'कारा'ची देखरेख असते. अर्ज काराच्या संकेतस्थळावर होतो व बाळ ज्येष्ठतेच्या यादीप्रमाणे सुचवले जाते. ओळखीने क्रमांक पुढे सरकत नाही. दोन वर्षांखालील बाळासाठी पतिपत्नीच्या वयांची बेरीज ८५ च्या वर चालत नाही, म्हणून निर्णय वेळेत घ्यावा.

संस्थेची पारख

१) मान्यता : संस्था 'विशेष दत्तक संस्था' म्हणून मान्यताप्राप्त हवी. डोंबिवलीत जननी आशिष, पुण्यात श्रीवत्स ही नावे अनेकांना ठाऊक आहेत. तरीही कोणाच्या सांगण्यावर न जाता काराची यादी पाहावी किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षात चौकशी करावी.

२) बाळाचे कागद : बालकल्याण समितीने बाळ दत्तकासाठी कायद्याने मोकळे असल्याचे जाहीर केलेले असावे. बाळ स्वाधीन करणाऱ्या आईला फेरविचारासाठी ६० दिवस मिळतात. हे दिवस टाळून दिलेले बाळ म्हणजे एका आईचा हक्क डावलून दिलेले बाळ.

३) पैसा : ठरलेले शुल्क तेवढेच द्यावे व पावती घ्यावी. देणगी मागणाऱ्या संस्थेला दुरूनच नमस्कार करावा.

४) प्रश्न : चांगली संस्था आपल्यालाच पुष्कळ प्रश्न विचारते. समाजसेविका घरी येते. मिळकत, प्रकृती, घरातील वडीलधाऱ्यांचे मत विचारते. बाळ आल्यावरही दोन वर्षे विचारपूस चालू राहते. याचा राग मानू नये. संस्था आपल्याला मूल शोधून देत नाही, मुलाला घर शोधून देते. जी काहीच विचारत नाही, तिच्यापासून सावध राहावे.

परदेशाचा प्रश्न

परदेशी पाठवल्या जाणाऱ्या मुलांच्या बाबतीत पूर्वी गैरप्रकार होत. वकील लक्ष्मीकांत पांडे यांनी त्याविषयी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. त्यावर १९८४ साली न्या. भगवती यांनी दिलेल्या निकालाने नियम घालून दिले आणि १९९० साली कारा स्थापन झाली. २००३ साली भारताने हेग कराराला मान्यता दिली. आपली मुले-मुली नोकरीनिमित्त परदेशी आहेत, त्यांनी ध्यानात ठेवावे : अनिवासी भारतीयांना येथील दांपत्याच्या बरोबरीनेच धरले जाते, पण अर्ज तेथील मान्यताप्राप्त संस्थेमार्फत व्हावा लागतो. काराच्या ना-हरकत दाखल्याशिवाय मूल देशाबाहेर नेता येत नाही.

मोकळेपणा कोणाशी?

अमेरिकेसारख्या देशात जन्मदाती आई व दत्तक पालक एकमेकांना ओळखतात, पत्रे लिहितात, भेटतातही. आपल्याकडे संस्थेमार्फत होणाऱ्या दत्तकात आईचे नाव गुप्त राहते. मोठे झाल्यावर मुलाला आपल्या मुळाचा शोध घेता येतो, पण आईची गुप्तता राखूनच. नात्यातल्या दत्तकाचे मात्र उलटे असते. सगळ्या चाळीला ठाऊक असते, फक्त मुलाला ठाऊक नसते! मग एखाद्या लग्नात, एखाद्या भांडणात परक्याच्या तोंडून त्याला ते कळते. या दुःखाला आपणच कारण होतो. म्हणून मूल लहान असतानाच, गोष्ट सांगावी तसे, आई-वडिलांनीच सांगावे. चांगली संस्था हे कसे सांगावे तेही शिकवते.

त्या गृहस्थांनी रीतसर नोंदणी केली. तीन वर्षांहून अधिक थांबावे लागले. मध्यंतरी त्यांच्या पत्नीने एकदा मला विचारले, "भाऊ, त्या दिवशी तुम्ही अडवलं नसतं तर?" मला उत्तर सुचले नाही. आज त्यांच्या घरी मुलगी आहे. तिचा दत्तकाचा आदेश, जन्मदाखला, सारे कागद तिच्याच नावाच्या फाईलमध्ये आहेत. 'तू आम्हाला संस्थेतून मिळालीस' हे तिला ठाऊक आहे आणि ती ते शाळेतही बिनदिक्कत सांगते. मध्यस्थाचे बाळ घेतले असते, तर त्या घराला आयुष्यभर दारावरच्या प्रत्येक थापेची भीती वाटली असती.